औंढ्याला येणारे आरसे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो-इंडिया प्रकल्पाविषयी मराठी वृत्तपत्रांत जे काही छापून येते, ते मी गेली अनेक वर्षे आस्थेने वाचतो आणि कापून वहीत चिकटवून ठेवतो. परवा ती वही पुन्हा चाळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिलेली तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले सुमारे २,६०० कोटी रुपये, जमीन, रस्ते, रोजगाराच्या अपेक्षा, आइन्स्टाइन, कृष्णविवरे असे सगळे तिच्यात सापडले. सापडले नाहीत ते आरसे. ज्या यंत्राला आपण बातम्यांत बरेचदा सरसकट ‘दुर्बीण’ म्हणून मोकळे होतो, ते यंत्र म्हणजे मुळात काटकोनात पसरलेल्या, लेसरने लांबी मोजायच्या दोन भुजांच्या टोकांना टांगलेले चार आरसे आहेत, आणि बाकीचा सारा पसारा, म्हणजे चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्या, निर्वात पंप, लेसर, इमारती, हा त्या चार आरशांना निवांतपणे लटकता यावे यासाठीच आहे, ही गोष्ट वाचकांपर्यंत पोचलेली नाही. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे आणि ते थोडे लांबणार आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो.

या विषयात मी अधिकारी नाही. निवृत्त विज्ञानशिक्षक आहे. मात्र १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्या उत्साहात मी सहा इंची दुर्बिणीचा आरसा स्वतःच्या हाताने घासला होता. काचेच्या दोन जाड चकत्या, त्यांच्यामध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड, रोज शाळा सुटल्यावर पिंपाभोवती फेऱ्या मारत घासणे, मग पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या पदार्थाच्या, थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश करणे आणि शेवटी अंधाऱ्या खोलीत एक दिवा व दाढीचे पाते घेऊन आरशाचा आकार तपासणे, असे ते काम होते. ज्यांनी ते केले आहे, त्यांना ठाऊक असेल, की आरसा ही वस्तू यंत्रापेक्षा हाताच्या आणि डोळ्याच्या सवयीतून जास्त घडते. चांगल्या दुर्बिणीसाठी त्या पृष्ठभागावरची चूक ७० नॅनोमीटरच्या आत ठेवावी लागते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. ती साधली तेव्हा मला फार मोठे काही केल्यासारखे वाटले होते. पुढे लायगोच्या आरशांची मापे वाचली आणि तो ताठा उतरला.

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे लायगोच्या ज्या दोन वेधशाळा आहेत, त्यांच्या प्रत्येक मुख्य आरशाचा व्यास ३४ सेंटिमीटर, जाडी २० सेंटिमीटर आणि वजन ४० किलो आहे. म्हणजे तो आरशापेक्षा काचेचा ओंडकाच जास्त वाटेल. काच तरी कसली, तर अतिशुद्ध सिलिका वितळवून बनवलेली, जिच्यातून लेसरचा प्रकाश जाताना जवळजवळ काहीच शोषला जात नाही. पृष्ठभागाला अंतर्वक्र आकार आहे, पण त्याची वक्रता-त्रिज्या दोन किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे एवढ्या मोठ्या चकतीत मध्यभागी पडणारा खळगा जेमतेम सात मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे. माझ्या सहा इंची आरशात तो खळगा सव्वा मिलिमीटरच्या आसपास होता आणि पट्टी ठेवून तो डोळ्यांना दिसे. लायगोचा आरसा कोणालाही सपाटच वाटेल. या जवळजवळ सपाट पृष्ठभागाच्या मधल्या १६ सेंटिमीटर भागात, ठरवलेल्या आकारापासून होणारी सरासरी चूक ०.३ नॅनोमीटरच्या आसपास आहे. हा आकडा नुसता वाचून काही बोध होत नाही, म्हणून मी वर्गात करत असे तसे गणित केले. आरशाचा तो मधला भाग मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत ताणला, तर एवढ्या सगळ्या मुलखात उंचसखलपणा राहील तो सुमारे दीड मिलिमीटरचा. सह्याद्री नाही, घाट नाहीत, बांध नाही, वारूळसुद्धा नाही.

इथे एका शंकेचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण ती मला शाळेतल्या मुलांनीच विचारली होती आणि तेव्हा मला तिचे उत्तर नीट देता आले नव्हते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणारी लहर, टिपली गेली, त्या वेळी चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा होता. आरशाचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केला, तरी तो अणूंचाच बनलेला, आणि अणू प्रोटॉनपेक्षा हजारो पटींनी मोठा. शिवाय ते अणू उष्णतेने सतत थरथरत असतात. मग ज्या पट्टीच्या रेघाच एवढ्या जाड आणि हलत्या आहेत, तिने इतके सूक्ष्म माप कसे घेतले? याचे उत्तर असे, की लेसरचा झोत आरशावर एखाद्या बिंदूला नव्हे, तर दहा-बारा सेंटिमीटर रुंदीच्या भागाला एकाच वेळी स्पर्श करतो. त्या भागात कोट्यवधी अब्ज अणू असतात आणि प्रकाशाला जाणवते ती त्या सर्वांच्या स्थानांची सरासरी. एकेक अणू कुठे आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत प्रत्येक वारकरी पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलत असतो, तरी दिंडी वाटेवर नेमकी कुठे पोचली हे लांबून सांगता येते, तसाच हा प्रकार आहे. शिवाय आरसा कुठे आहे हे मोजायचे नसते. त्याच्या त्या सरासरी स्थानात सेकंदाच्या काही शतांश भागात किती फरक पडला एवढेच मोजायचे असते. ही सरासरी खरी ठरण्यासाठी मात्र पृष्ठभाग सगळीकडे सारखा असावा लागतो, आणि म्हणून त्या दीड मिलिमीटरचा आग्रह.

आता परावर्तनाविषयी. आपल्या घरातल्या आरशात काचेच्या मागे धातूचा मुलामा असतो आणि माझ्या दुर्बिणीच्या आरशावर पुढच्या बाजूने ॲल्युमिनिअम चढवलेले आहे. ते पडणाऱ्या प्रकाशापैकी दहा टक्क्यांच्या आसपास गिळून टाकते, याची रात्रीच्या आकाशाकडे पाहताना कोणी तक्रार करत नाही. लायगोच्या भुजेत मात्र प्रकाश दोन आरशांच्या मध्ये शेकडो वेळा ये-जा करतो आणि त्यामुळे तिथे साठणारी शक्ती तीन लाख वॅटहून अधिक असते. तिथे धातूचा मुलामा क्षणभरही टिकणार नाही. म्हणून या आरशांवर धातूचा कणही नसतो. सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे पातळ थर आलटून पालटून, एकावर एक, लेसरच्या १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीशी जुळवून चढवलेले असतात. प्रत्येक थर थोडाच प्रकाश परतवतो, पण थरांची जाडी अशी बेतलेली असते, की सगळे परतलेले तरंग एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवून बाहेर येतात आणि भुजेच्या टोकाच्या आरशातून दहा लाखांतले जेमतेम पाच फोटॉन (प्रकाशकण) निसटतात. गंमत अशी, की हा जगातल्या सर्वोत्तम आरशांपैकी एक असूनही आपल्या डोळ्यांना तो आरसा वाटत नाही. दृश्य प्रकाश त्यातून आरपार जातो आणि समोर दिसते ती किंचित रंगाची झाक असलेली जाड काच. त्यात तोंड पाहता येणार नाही!

हे थर चढवण्याचे काम फ्रान्समध्ये लिऑं शहराला लागून असलेल्या एका प्रयोगशाळेत झाले. निर्वात कक्षात आयनांचा झोत मारून मूळ पदार्थाचे कण उडवायचे आणि ते फिरत्या काचेवर अणू-अणूने बसू द्यायचे, अशी ती पद्धत आहे. दोन्ही भुजांचे आरसे शक्य तितके एकसारखे व्हावेत म्हणून दोन काचा एकाच वेळी कक्षात ठेवून त्यांच्यावर एकदमच लेप दिला गेला. या लेपात शोषण होते ते दहा लाखांत अर्ध्या भागापेक्षाही कमी. तरीही एवढ्या प्रचंड शक्तीपुढे त्याचा हिशेब एका वॅटच्या दहाव्या भागाएवढ्या उष्णतेचा लागतो आणि तेवढ्या उष्णतेनेही आरशाला नॅनोमीटरच्या मापाचा फुगवटा येतो. मग तो फुगवटा सावरण्यासाठी आरशाच्या कडेभोवती तापणारे कडे बसवायचे आणि दुसऱ्या एका कार्बन डायऑक्साइड लेसरने लागेल तिथे शेक द्यायचा, अशी व्यवस्था आहे. मागच्या एका निरीक्षणसत्रात काही आरशांच्या लेपात मायक्रॉनच्या मापाचे डाग आढळले. हे डाग लेपाच्या इतर भागांपेक्षा जास्त उष्णता शोषतात आणि त्यांच्यामुळे लेसरची शक्ती हवी तेवढी वाढवता येईना. शेवटी काही आरसे बदलावे लागले. लेप देताना कुठून तरी आलेला धुळीपेक्षा लहान कण अब्जावधींच्या यंत्राची मर्यादा ठरवतो, हे वाक्य मला आपल्याकडच्या प्रत्येक कंत्राटदाराच्या टेबलावर लिहून ठेवावेसे वाटते.

याहूनही अवघड अडचण आहे ती लेपाच्या अंगच्या आवाजाची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या थरथरीची. काशाचे चांगले भांडे वाजवले तर त्याचा नाद लांबवर टिकतो आणि तडा गेलेले भांडे खट्कन गप्प होते. पदार्थाच्या आतले घर्षण जितके कमी, तितका नाद टिकाऊ, आणि उष्णतेमुळे होणारी त्याची थरथरही मोजमापाच्या पट्ट्याबाहेर, त्याच्या स्वतःच्या सुरापुरती मर्यादित राहते. शुद्ध सिलिका या बाबतीत फार गुणी आहे. टँटलम ऑक्साइड तितके नाही. त्यात टायटॅनिअमचे ऑक्साइड मिसळल्यावर ते थोडे सुधारले. चाळीस किलोच्या काचेवरचा काही मायक्रॉन जाडीचा हा लेपच आज १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका कृष्णविवरांच्या टकरींतून निघालेल्या लहरींचा ‘आवाज’ येतो त्या पट्ट्यात, सर्वाधिक त्रास देणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. जपानच्या कामिओका खाणीतील काग्रा वेधशाळेने यावर वेगळा मार्ग काढायचा प्रयत्न केला. त्यांचे २३ किलोचे आरसे नीलमण्याच्या स्फटिकाचे आहेत आणि थरथर कमी व्हावी म्हणून ते उणे २५० अंश सेल्सिअसच्याही खाली नेण्याची त्यांची योजना आहे. इतर ठिकाणी नव्या लेपांचा शोध चालू आहे. जो कोणी हा लेप निम्म्याने शांत करील, तो विश्वाचा कितीतरी मोठा भाग ऐकू येण्याच्या टप्प्यात आणील.

आरसा तयार झाला, तरी तो टांगायचा कसा, हा प्रश्न उरतोच. लायगोच्या पहिल्या पिढीत दहा-अकरा किलोचे आरसे पोलादी तारेच्या एका वेढ्यावर झुलत होते. आताचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत सर्वांत खाली लटकतात आणि शेवटचा टप्पा संपूर्ण काचेचा आहे: आरशाच्या दोन्ही बाजूंना सिलिकाचे ‘कान’ रासायनिक क्रियेने असे जोडलेले, की जोड वेगळा ओळखू येऊ नये, आणि त्या कानांना वितळवून सांधलेले सिलिकाचे चार धागे, प्रत्येक ६० सेंटिमीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर जाड. हे तंत्र स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातल्या मंडळींनी विकसित केले. सिलिकाची सळई लेसरने तापवून, ओढून हे धागे काढतात. प्रत्येक धागा दहा किलो वजन निमूटपणे पेलतो, पण त्याला बोट लागले किंवा बारीक चरा पडला तर त्याचा भरवसा संपला. इटलीत पिसाजवळच्या व्हर्गो वेधशाळेने हे अनुभवले आहे. निर्वात पंपांतून आलेल्या धुळीच्या कणांमुळे त्यांचे काचेचे धागे तुटले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांना पोलादी तारांवरच आरसे टांगून निरीक्षणात उतरावे लागले. तरीही १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा संकेत आला तेव्हा, व्हर्गो सोबतीला असल्यामुळेच ती टक्कर आकाशात कुठे झाली हे इतके नेमके सांगता आले, की जगभरच्या दुर्बिणी काही तासांत तिकडे वळल्या. औंढ्याच्या वेधशाळेचे महत्त्व याच कारणाने आहे. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक कान असला, की दिशा ओळखणे कितीतरी सोपे होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लायगो-इंडियाच्या वाटणीत जागा, इमारती, निर्वात नळ्यांची यंत्रणा, यंत्राची जुळणी आणि ते चालवणे ही जबाबदारी आपली आहे, तर आरशांसह यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेच्या लायगो प्रयोगशाळेकडून येणार आहेत. ते मुळात हॅनफर्ड येथे उभारायच्या दुसऱ्या यंत्रासाठी होते. हे सांगितले, की ‘मग यात आपले काय?’ असा प्रश्न लगेच येतो. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. अमेरिकेचे म्हणून जे आरसे आपण ओळखतो, त्यांची सिलिका एका जर्मन कंपनीची, घासाई अमेरिकेतल्या झायगो कंपनीची, लेप फ्रान्सचा आणि धागे स्कॉटलंडचे आहेत. पहिल्या पिढीतले काही आरसे ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत घासले गेले होते. ज्याच्या हाताला जे साधले, ते त्याने दिले. तेव्हा आरसे खोक्यांतून येणार याची लाज वाटण्याचे कारण नाही. काळजी वाटते ती ही, की ती खोकी उघडणारे, आरशावर द्रव पॉलिमर पसरून ते वाळल्यावर सालीसारखे सोलून धूळ काढणारे, धागे ओढणारे आणि सांधणारे, दहा वर्षांनी लेप बदलायची वेळ आली तर तो तपासणारे हात आपल्याकडे किती आहेत, आणि ते कुठे तयार होत आहेत?

आपल्याकडे अशी परंपराच नाही, असे मुळीच नाही. तमिळनाडूत कावलूर येथील २.३४ मीटरच्या वेणू बाप्पू दुर्बिणीचा आरसा बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने स्वतः घासला होता; ती दुर्बीण १९८६ च्या जानेवारीतच राष्ट्राला अर्पण झाली, म्हणजे मी पिंपाभोवती फेऱ्या मारत होतो त्याच सुमारास. त्याच संस्थेने होसकोटे येथे तीस मीटरच्या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीचे आरशांचे तुकडे पॉलिश करण्यासाठी स्वतंत्र कार्यशाळा उभारली आहे. लेसर आणि प्रकाशीय तंत्राचे काम इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात होते आणि तेही या प्रकल्पाचे एक भागीदार आहे. गुरुत्वीय लहरींच्या संकेतांचे विश्लेषण पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाच्या बरोबरीने, काही बाबतींत जगाच्या पुढे राहून केले, याविषयी मराठी वृत्तपत्रांनी सार्थ अभिमानाने लिहिलेही आहे. पण संगणकावर लहर शोधणाऱ्याइतकाच मान काच घासणाऱ्याला देण्याची आपली सवय नाही. माझ्याच एका हुशार विद्यार्थ्याने आयटीआयला जायचे ठरवले तेव्हा त्याच्या घरी आठवडाभर सुतक पाळल्यासारखे वातावरण होते, ते मी विसरलेलो नाही.

मराठवाड्यातील एखाद्या तंत्रनिकेतनात सूक्ष्म प्रकाशीय काचकामाचा, स्वच्छ कक्षात काम करण्याच्या शिस्तीचा आणि निर्वात तंत्राचा अभ्यासक्रम सुरू करायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतात ते दोन-तीन जाणते शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या हाताला धीर शिकवण्याइतका वेळ. तसे झाले, तर वेधशाळेत स्थानिकांना पहारेकरी आणि वाहनचालक याखेरीजही काम मिळू शकेल. या काचकामाचा उपयोग वेधशाळेपुरता मर्यादितही नाही. उपग्रहांचे कॅमेरे, शस्त्रक्रियेतले लेसर, संगणकाच्या चिप बनवणारी यंत्रे या सगळ्यांना असेच पृष्ठभाग आणि असेच लेप लागतात.

स्थानिक पातळीवर आणखी एक गोष्ट बोलली गेली पाहिजे. टांगलेल्या आरशाला जमिनीतला प्रत्येक हेलकावा कळतो. लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला आसपासच्या जंगलातील लाकूडतोड आणि रेल्वेगाड्या यांचा उपद्रव होतो. हॅनफर्डला तर एकदा नायट्रोजनच्या नळीवर साठलेल्या बर्फावर चोची मारणाऱ्या डोमकावळ्यांमुळे यंत्रात नको तो आवाज येत असल्याचे निघाले. २०२४ मध्ये हिंगोली परिसरात साडेचार तीव्रतेच्या आसपासचे भूकंपाचे धक्के बसले, तेव्हा ‘आता प्रकल्पाचे काय?’ अशी चर्चा गावोगाव झाली. अशा धक्क्यात आरसे तुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जवळजवळ टेकलेले अटकाव असतात आणि यंत्र काही काळ भानावर नसले तरी पुन्हा सावरते. दगडखाणीतले सुरुंग, अवजड वाहनांची रोजची वर्दळ आणि रस्त्यावरचे खड्डे यांचे तसे नाही; ते रोजचेच असतात, आणि ते आवरणे भूगर्भाच्या नव्हे, तर आपल्या हातात आहे. वेधशाळेच्या परिसरात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे लोकांना आरशाच्या निमित्ताने समजावून सांगितले, तर ते सरकारी मनाईहुकुमापेक्षा लवकर पटेल, असा माझा शिक्षकी पेशातला अनुभव आहे.

आपणास विनंती, की आपल्या वार्ताहराने प्रकल्पाच्या पुढच्या बातमीसाठी संबंधितांकडे जाताना एवढे प्रश्न सोबत न्यावेत: आरशांसाठीचा स्वच्छ कक्ष कोणत्या टप्प्यावर आहे, काचेचे धागे ओढण्याचे आणि सांधण्याचे प्रशिक्षण कोण कुठे घेत आहे, आरसे बसवण्यापूर्वी त्यांचा पृष्ठभाग आणि लेप भारतात कुठे तपासला जाणार आहे, आणि या कामांसाठी मराठवाड्यातल्या तरुणांना अर्ज करायचा असेल तर कोणते शिक्षण लागेल. उत्तरे जशी मिळतील तशी छापावीत. माझ्या वहीत त्यांच्यासाठी पाने आहेत.

कळावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक,
परभणी